मास्तरांची बाजू

एकोणीसशे एक्याऐंशी सालची गोष्ट. त्या वर्षी उन्हाने घाई केली आणि गहू वेळेआधीच वाळून खडखडीत झाला. दिवसभर जमीन तापायची, आणि संध्याकाळ झाली की डोंगरामागे काळे ढग येऊन उभे राहायचे, दारात येऊन आत न येणाऱ्या पाहुण्यासारखे. कापणी चालू होती, पेंढ्या बांधून शेताशेतांत रचल्या होत्या, आणि ज्याचे त्याचे डोळे एकाच वाटेकडे लागले होते: मळणीयंत्र आपल्याकडे कधी येतं. साऱ्या गावात यंत्र एकच, आणि ते ज्याचं होतं त्याला सगळे मालक म्हणत, मग तो त्यांचा कुणी असो वा नसो.

मास्तरांच्या सुनेला मात्र त्या वर्षी ढगांपेक्षा माणसांचा जास्त राग आला. तिला स्वतःचं नाव होतं, पण ते उच्चारायची वेळ कुणावर फारशी आली नव्हती. नवरा लांब बांधकामावर, वर्षातून एकदा उगवणारा. घरी ती, थोडं शेत आणि सासरे. तिच्या सबंध दिवसाची वाटणी एवढीच.

सासरे म्हणजे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी अक्षर ओळखायला शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्याला निदान गप्प बसायला. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता विळा धरतील, चार पेंढ्या बांधतील. पण सरकारने लहानसहान भांडणं तोडायला गावोगाव एक जाणता माणूस नेमायचं ठरवलं, आणि इथे मास्तरांना नेमलं. शाळेच्या पडवीत कोर्ट भरू लागलं. ना डगला, ना घंटा. एक लाकडी बाक, तोही पहिलीच्या पोरांचा. वादी-प्रतिवादी दोघांनी त्याच बाकावर शेजारी बसायचं. मोठमोठे बाप्ये गुडघे हनुवटीला लावून बसत. तशा अवस्थेत फार वेळ रुबाब टिकत नाही, असं मास्तरांचं म्हणणं.

आणि त्यांची एक रीत होती. आपलं गाऱ्हाणं कुणी सांगायचं नाही. आधी समोरच्याची बाजू सांगायची, त्याच्या जागी आपण आहोत असं समजून. समोरचा "हेच" म्हणाला, की मग आपली पाळी. तो "अजून नाही" म्हणाला, तर पुन्हा पहिल्यापासून. कुंपणावरून भांडणारे दोघे भाऊ एकदा अख्खी सकाळ एकमेकांची बाजू सांगत बसले आणि दुपारी निकाल न घेताच घरी गेले. सून म्हणायची, न्याय मास्तरांचा आणि चहाची भांडी माझी. पण आतून तिला त्या रीतीचं कौतुक होतं. तिच्या माहेरी कुणी कुणाचं पुरतं वाक्यसुद्धा ऐकून घेत नसे.

मग तो अपघात झाला.

यंत्राच्या तोंडावर हातभर लांब, बोगद्यासारखं लोखंडी झाकण असायचं. त्याच्यातून पेंढी आत सरकवली की हात दात्यांपर्यंत पोचत नसे. पण त्याने काम सावकाश होतं, म्हणून मालकाने ते आदल्या वर्षीच काढून टाकलं होतं. यंत्राला घास भरवायला बायका असत. त्यांतली एक भारी बोलकी, गावाने तिचं नाव रेडिओ ठेवलेलं. नुसती बोलत नसे, नकला करायची. दुकानदाराचं वजन करताना श्वास धरणं, मालकाचं कमरेत अंगठे खोवून चालणं, मास्तरांचं घसा खाकरणं. बायकांचा दिवस तिच्यामुळे हलका जाई.

त्या दिवशी पेंढीचा बंद तिच्या मनगटात अडकला आणि पेंढीबरोबर हात गेला. सून मागेच डोक्यावर पेंढ्या घेऊन उभी होती. तिने ओझं टाकलं, ते मनगट दोन्ही हातांनी आवळून धरलं आणि डोक्याचं फडकं सोडून बांधलं. उजव्या हाताला अंगठा तेवढा राहिला. रेडिओ ओरडलीसुद्धा नाही. "माझी बांगडी बघ गं आत राहिली का," एवढंच म्हणाली.

तिला गाडीत घालून नेलं. मालकाने बादलीभर पाणी मारून यंत्राचं तोंड धुतलं, आणि गाडी वळणापलीकडे दिसेनाशी व्हायच्या आत पट्टा पुन्हा फिरू लागला. सुनेच्या हातावरचं रक्त अजून वाळलं नव्हतं.

रेडिओ परत आली ती पांढऱ्या पट्टीचा गोळा छातीशी धरून. सरळ शाळेच्या पडवीत गेली. कोर्ट भरलं तेव्हा माणसं खिडक्यांना लोंबकळत होती. मालक बाकावर बसला. तोही मास्तरांचाच विद्यार्थी, याच बाकावर कधीकाळी मावलेला.

मास्तर रेडिओला म्हणाले, "आधी तू. याची बाजू सांग."

ती उठली. डावा अंगठा कमरेत खोवला, हनुवटी वर केली, आणि हुबेहूब मालकाच्या आवाजात सुरू झाली. "मी काय म्हणतो, यंत्र म्हणजे काय गाय आहे, अंग चाटायला? ही बाई बोलण्याच्या नादात होती. दोष हिचाच. मी कुणाचा हात धरून आत घातला नाही. आणि ढग आलेत वर, गावाचा गहू बाहेर आहे. मी झाकण लावून गोगलगाय हाकत बसू?"

पडवी हसली. मालकसुद्धा हसला, मांडीवर थाप मारून म्हणाला, "हेच!"

मग त्याची पाळी. तो म्हणाला, तिची बाजू काय, तिची बोटं गेली. मास्तर म्हणाले, ते सगळ्यांना दिसतंय, बाजू सांग. तो म्हणाला, तिला वाईट वाटलं असेल. रेडिओ म्हणाली, अजून नाही. तो म्हणाला, आता तिला काम जमणार नाही. अजून नाही. ऊन पायरीवरून बाकाच्या पायापर्यंत आलं. मालकाच्या मानेवरून घाम ओघळत होता, गुडघे आखडले होते. शेवटी तो खाली बघून पुटपुटला, "झाकण असतं तर हात गेला नसता."

"हेच," रेडिओ म्हणाली.

मास्तरांनी निकाल दिला. यंत्राला झाकण बसेपर्यंत यंत्र चालवायचं नाही. आणि रेडिओचा जो जमिनीचा तुकडा आहे, त्याची नांगरणी, पेरणी, कापणी ती जिवंत असेपर्यंत मालकाने करून द्यायची. लोक मान हलवत घरी गेले. रास्त झालं म्हणाले. सुनेने स्वतःच्या कानांनी ऐकलं ते.

दुसऱ्या दिवशी मालकाने यंत्र ओढत आणून चौकात उभं केलं, त्यावर ताडपत्री टाकली आणि शेजारी खुर्ची टाकून बसला. झाकण बसवायचं नाव नाही. कुणी विचारलं की म्हणे, "मी तर कोर्टाचा मान राखतोय बाबा. मास्तर बंद म्हणाले, बंद."

गावाची ताकद बघा कुठे लागते. चौकातून जाताना माणसं मालकाला रामराम करीत आणि तशीच चालत मास्तरांच्या दारात येत. मास्तर, आभाळ बघा. मास्तर, आमच्या पोरांच्या तोंडचा घास आहे. मास्तर, एका बाईच्या हातासाठी गाव बुडवता काय. कालपर्यंत रास्त म्हणणारे हे, तेच चेहरे. मास्तर प्रत्येकाला म्हणत, लोहाराला एक दुपार पुरेल, मालकाला सांगा. माणसं हो म्हणत आणि चौकातून जाताना पुन्हा रामराम करून पुढे जात.

सुनेला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. गावात एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबायची पद्धत होती. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. ती सगळ्यांकडे राबून आली होती, कंबर दुखत असतानाही. तिची पाळी आली त्या सकाळी ती भाकऱ्यांची दुरडी घेऊन बांधावर उभी राहिली. कुणी आलं नाही. पलीकडच्या वाटेने बायका गेल्या. एकीने मान वळवली, दुसरीने पायातला काटा काढायचं निमित्त केलं. ज्यांच्या घरी बाळंतपणात हिने पाणी भरलं होतं, त्याच. दुकानात गेली तर दुकानदाराने आधी मागून आलेल्यांना दिलं आणि मग तिच्याकडे बघून म्हणाला, "तुमचं काय, कोर्टाची परवानगी लागेल ना?" हसणारेही होतेच.

मग मास्तर विळा घेऊन शेतात आले. आयुष्यभर खडू धरलेला हात. अर्ध्या ओळीतच तळहाताला फोड आले, दुपारी फुटले, संध्याकाळी विळ्याच्या मुठीला रक्त. वाकायचे तर पाठ ताठ राहायची, म्हणून गुडघ्यांवर रांगत कापायचे. सून मागे वळून बघायची आणि तिचा जीव जळायचा. त्यांच्यासाठी की त्यांच्यावर, ते तिचं तिला कळत नव्हतं. एकदा तिने विळा टाकलाच.

"मामंजी, सांगून टाका ना, निकाल मागे घेतला म्हणून. तुमचं काय जातं?"

"माझं काहीच जात नाही, पोरी. म्हणूनच मला मागे घेता येत नाही. ज्याचं गेलंय तिला विचार."

"मग ही माणसं मालकाकडे का जात नाहीत? आपल्याच दारात का ओरडतात?"

मास्तरांनी फोडावर फुंकर घातली. "ऐकून घेणाऱ्याच्या दारात माणूस ओरडतो. न ऐकणाऱ्याच्या दारात चपला सांभाळतो."

तिने विळा उचलला. पण त्या दिवशी तिने कापलेल्या गव्हाच्या काड्या मुळापासून उपटल्यासारख्या निघाल्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रेडिओ आली. डाव्या हाताने तिला कापता येईना. ती पेंढ्या काखेत दाबून वाहू लागली, दाताने बंद ओढून गाठ मारू लागली. "दोन बायका, तीन हात आणि एक म्हातारा," ती म्हणाली, "यमाला सांगा, इकडे फिरकू नको, तुला कामाला लावू." सून कितीतरी दिवसांनी हसली. मास्तरही हसले, पण तोंड फिरवून.

मळायला यंत्र नाही, बैल नाहीत. घरी शाळेतून मोडीत निघालेला जुना फळा पडला होता. तो सुनेने ओट्याला तिरका टेकवला आणि पेंढी धरून त्याच्यावर झोडू लागली. दर फटक्याला दाणे काळ्या लाकडावरून घरंगळत यायचे. मास्तर सूप घेऊन वारा बघत उभे राहायचे. भुसा तिच्या केसांत, मानेवर, पापण्यांवर. घामाने चिकटून अंग करवतीसारखं झालेलं. फळ्यावर झोडताना तिच्या मनात एकेक चेहरा यायचा. काटा काढणारीचा. दुकानदाराचा. काम लवकर झालं ते त्यामुळेच असेल.

शेवटचं पोतं आत ओढलं आणि त्याच संध्याकाळी ढग आत आले. दोन दिवस पाऊस पडला. शेताशेतांत रचलेल्या पेंढ्या भिजल्या, ताडपत्री होती ती यंत्रावर होती. गहू काळा पडला, काही ठिकाणी जागच्या जागी मोड आले. आणि गावात एकच बोल फिरला: मास्तरांनी स्वतःचं तेवढं आत घेतलं.

सून पाण्याला गेली तेव्हा कुणीतरी हे तिच्या पाठीमागे बोललं. तिने घागर खाली ठेवली, दोन्ही हात पुढे केले. तळहातांना कातडं नव्हतं. "या, तुमचं पण आत घेऊन देते," ती म्हणाली. बायका पाण्यात बघत राहिल्या.

मालकाने तोवर वर तक्रार नेली होती. वरचे साहेब जीपमधून आले आणि मालकाच्याच ओसरीवर बसले, त्याच्याच घरचं जेवले. मास्तरांना बोलावलं ते हात धुतल्यावर, आणि उभंच ठेवलं. साहेबांनी साक्षीदारांना एकच विचारलं: कोर्टात ही बाई स्वतःच्या तोंडाने म्हणाली की नाही, की दोष तिचाच होता, बोलण्याच्या नादात हात गेला?

"म्हणाली," पहिला म्हणाला. दुसराही म्हणाला. सगळे म्हणाले. कुणी खोटं बोललं नाही. ती कुणाच्या आवाजात म्हणाली, ते तेवढं कुणी सांगितलं नाही.

मास्तर म्हणाले, साहेब, ती या कोर्टाची रीत आहे, ती याची बाजू सांगत होती. यानेही तिची सांगितली, झाकण असतं तर हात गेला नसता म्हणाला. साहेबांनी मालकाकडे पाहिलं. मालक नम्रपणे म्हणाला, "ते मी रीत म्हणून बोललो, साहेब."

असा न्याय झाला. तिचं बोलणं कबुली ठरलं आणि त्याचं बोलणं रीत ठरली. निकाल रद्द झाला, मास्तरांची नेमणूक गेली. शाळेच्या शिपायाने बाक उचलून अडगळीच्या खोलीत टाकला. रेडिओने सगळं दाराआडून ऐकलं होतं. त्या दिवसापासून तिने नक्कल केली नाही, बोलणंही आटलं. दुकानदार म्हणे, रेडिओचा सेल संपला.

आणि मग, उरलासुरला गहू मळायला यंत्र निघालं तर घास भरवायला एकही बाई पुढे येईना. मालक ओरडला, गोड बोलला, पुन्हा ओरडला. हात मागे बांधून बायका उभ्या. शेवटी सून एकदा लोहाराच्या भट्टीवरून चालली होती, तर लोहार एक झाकण ठोकत बसलेला. हातभर लांब. लोहार तिच्याकडे न बघता म्हणाला, "संध्याकाळपर्यंत होऊन जाईल, वहिनी." दुसऱ्या दिवशी ते यंत्रावर होतं, लाल रंग देऊन.

एक दुपार. त्या एका दुपारसाठी गावाचा गहू कुजला, एका म्हाताऱ्याची पाठ मोडली, एका बाईची वाचा गेली. सून तरातरा घरी आली. मास्तर गहू निवडत होते. तिने सांगितलं. त्यांनी विचारलं, "हातभर आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

"तुमचं झालं असेल," ती म्हणाली. "माझं नाही झालं."

त्यानंतर मास्तर पुष्कळ वर्षं जगले. पडवीत बसायचे, पण बाजू सांगायला कुणी आलं नाही. वाटेवरून जाणारे हात जोडायचे, लांबूनच. शेवटी एका थंडीत गेले. रेडिओचा तुकडा मालकाने कधी नांगरला नाही. तीच कुदळीने, एका हाताने आणि एका अंगठ्याने, जमेल तेवढा उकरायची.

ते गेल्यावर गावाने शाळेत शोकसभा घेतली. टेबलावर फोटो, आणि खुर्चीत अध्यक्ष म्हणून मालक. आता पोट सुटलेला, डोक्यावर विरळ पांढरे केस. तो उठला, फोटोला हात जोडले आणि बोलू लागला. मास्तरांनी आम्हाला घडवलं. न्यायासाठी देह झिजवला. असा देवमाणूस पुन्हा होणे नाही. शाळेला दगडी कमान बांधून तिला मास्तरांचं नाव देतो, म्हणाला. टाळ्या झाल्या. दुकानदाराने डोळे पुसले.

सून पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. मग सगळ्यांनी आग्रह केला, दोन शब्द तुम्हीही बोला, वहिनी. ती उठली, पण टेबलाकडे गेली नाही. अडगळीच्या खोलीकडे गेली. आतून ओढल्याचा आवाज आला आणि ती तो बाक फरफटत घेऊन आली, धूळ, जाळी, सगळ्यासकट. फोटोसमोर ठेवला.

"मालक, बसा," ती म्हणाली. "आणि मास्तरांची बाजू सांगा."

तो हसला, इकडेतिकडे बघितलं. कुणी हसलं नाही म्हणून बसला. गुडघे पोटात शिरले. "मास्तर फार थोर..."

"अजून नाही."

"त्यांनी स्वतःसाठी कधी..."

"अजून नाही. स्तुती नको. बाजू सांगा. त्या वर्षीची."

मागून एकजण म्हणाला, वहिनी, आज कशाला ते. ती वळली. "मग कधी? ते जिवंत होते तोवर तुम्हाला वेळ नव्हता."

मालकाने रुमाल काढून मान पुसली. बाक करकरला. तो बोलेना. त्याला येत नव्हतं असं नाही. एकदा याच बाकावर त्याने बरोबर उत्तर दिलं होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी घसा खाकरला. दोनदा, मध्ये थोडा श्वास घेऊन. अख्ख्या खोलीच्या पाठी ताठ झाल्या. तसं फक्त मास्तर खाकरायचे.

रेडिओ उभी राहिली होती. डाव्या हाताच्या चिमटीत न दिसणारा खडू, मान थोडी तिरकी.

"मी यंत्र बंद केलं नव्हतं, मुलांनो," ती म्हणाली, आणि तो आवाज मास्तरांचा होता, शेवटच्या शब्दावर खाली बसणारा. "मी झाकण मागितलं होतं. एका दुपारचं काम. यंत्र याने बंद ठेवलं, आणि याला तुम्ही रामराम केलात. पावसाने गहू भिजवला, तो तुम्ही माझ्या दारात आणून टाकलात. या बाईने दुसऱ्याची बाजू प्रामाणिकपणे सांगितली, ती तुम्ही तिच्याच गळ्यात बांधलीत. तुम्हाला उत्तर येत नव्हतं असं नाही. उत्तर येत असून पाटी कोरी ठेवलीत. अशा मुलाला मी काय करायचो, आठवतंय?"

म्हातारी झालेली माणसं, पण बऱ्याच जणांनी हात मांडीखाली सरकवले.

रेडिओ सुनेकडे बघत थांबली. रीत रीत असते. ज्याची बाजू, ती बरोबर की नाही ते त्याने सांगायचं. तो तर फोटोत होता.

"हेच," सून म्हणाली.

पुढे कमान झाली. तिच्यावर मास्तरांचं नाव आहे आणि खाली, जरा मोठ्या अक्षरांत, बांधून देणाऱ्याचं. मालक नंतर मुलांकडे शहरात राहायला गेला. तिथेच वारला, आणि त्याच्याही शोकसभेत बरंच चांगलं बोलले म्हणतात. यंत्र मोडीत गेलं. साहेबांना बढती मिळाली होती. त्यांना हे गाव आठवतही नसेल. सुनेचा नवरा थकून परत आला आणि आता कोंबड्या राखतो. शोकसभेनंतरच्या हंगामात रेडिओच्या तुकड्यावर पहाटे नांगर चालला. लोहाराचे बैल होते. पुढच्या वर्षी आणखी कुणाचे आले, आणि ती होती तोवर येत राहिले. त्यांत दुकानदाराचे कधी नव्हते. त्या सभेनंतर ती मरेपर्यंत बोलत राहिली, झोपेतसुद्धा.

बाक सुनेने घरी नेला. तो तिच्या ओट्यावर असतो. आता तीही म्हातारी झाली, कमरेतून वाकली. कुणी आलं आणि मास्तर म्हणजे देवमाणूस, असं सुरू केलं, की ती हातातलं काम बाजूला ठेवते आणि बाकाकडे बोट करते.

"आधी बसा," म्हणते.